डोस चुकवला, काढा दिला आणि खोटं बोलले

पत्र नेरुळहून आलं आहे. लिहिणाऱ्या आजी ६३ वर्षांच्या, मूळच्या साताऱ्याकडच्या. यजमान गेल्यावर मुलाकडे राहायला आल्या. मुलगा-सून दोघंही नोकरीला जातात, त्यामुळे सहा वर्षांचा नातू सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत त्यांच्याच हाताखाली असतो. ऑगस्टमध्ये त्याला ताप आला. सुनेनं फ्रिजवर कागद चिकटवला: दर सहा तासांनी पॅरासिटामॉलचं सिरप. सकाळचा डोस सुनेनं दिला. दुपारी दोनला १०१ ताप असताना आजींनी सिरप दिलंच नाही. तुळस, आलं, गवती चहा आणि सोसायटीच्या कुंपणावरची गुळवेल उकळून काढा पाजला, कपाळावर कोलनवॉटरची पट्टी ठेवली आणि गोधडीत गुंडाळून झोपवलं. पाचला घाम आला, ताप ९९ वर उतरला. संध्याकाळी सुनेनं विचारलं तेव्हा "दिलं की औषध" म्हणाल्या. सुनेनं बाटली उजेडात धरली आणि खोटं उघडं पडलं. रात्री ताप परत चढला. रक्त तपासलं, मलेरिया-डेंग्यू काही निघालं नाही, चार दिवसांत पोरगं खेळायला लागलं. सून मात्र आता पाळणाघर शोधते आहे. आजी लिहितात, "माझी तीन मुलं याच उपायांवर वाढली. सारखं केमिकल पोटात घालायला माझा हात धजत नाही. मी स्वतः बीपीची गोळी घेते, पण रोज सकाळी ज्येष्ठमधाचा काढाही घेते, मला काही होत नाही. बाल्कनीत तुळस, गवती चहा, मनीप्लँट सगळं मीच लावलंय. माझं चुकलं का? आणि पुढच्या तापाला काय करू?"

ताई, सगळ्यात आधी जे सांगते आहे ते तुमच्या सुनेलाही वाचून दाखवा. दुपारी दोनचा तो डोस चुकल्यानं नातवाचं काहीही बिघडलं नाही.

ठाण्यात नौपाड्यात माझा तीस वर्षं दवाखाना होता. त्यातली निम्मी वर्षं मी आयांना हेच समजावत होते की पॅरासिटामॉल हे थर्मामीटरवरच्या आकड्याचं औषध नाही. मूल कण्हतंय, अंग दुखतंय, पाणीसुद्धा नको म्हणतंय, तर द्या. तासाभरात ते माणसात येतं आणि दोन घोट पितं, तेवढाच त्याचा उपयोग. १०१ ताप असून मूल गादीवर गाड्या फिरवत असेल तर नुसतं बघत बसलं तरी चालतं. घड्याळ लावून, झोपेतून उठवून, ताप असो-नसो दर सहा तासांनी पाजायचं हे औषध नाही. डॉक्टरांनी काही कारणानं तसं मुद्दाम सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे फ्रिजवरच्या कागदात दुरुस्ती हवीच होती. ती तुम्ही केलीत, फक्त चोरून केलीत आणि कारणही चुकीचं धरलंत.

चुकीचं यासाठी की काढ्यानं ताप उतरला असं तुम्ही मानून चाललात. ताप दिवसभर एका रेषेत राहत नाही. चढतो, टिकतो, घाम फुटतो, उतरतो, पुन्हा चढतो. शरीर जंतूंशी झगडत असताना मेंदूतलं तापमान राखणारं केंद्र आपली खूण वर सरकवतं. मग ९९ असलेलं अंगही त्याला गार वाटतं, म्हणून हुडहुडी भरते. खूण खाली आली की साठलेली उष्णता टाकायला घाम येतो. तुमच्या नातवाला पाचला आला तो हाच घाम. तीनला काढा आणि पाचला घाम, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. रात्री ताप परत चढला तेव्हा काढ्याला कोणी बोल लावला नाही, हेही लक्षात घ्या. उतरला तर काढ्यानं आणि चढला तर व्हायरलनं, असा हिशोब आपण सगळेच करतो. डॉक्टरही आपल्या गोळ्यांचा असाच करतात.

आता "तीन मुलं याच उपायांवर वाढली" हे वाक्य. ते मी दवाखान्यात इतक्यांदा ऐकलंय की उत्तर पाठ आहे, पण तुम्हांला ते तोडून टाकण्यासारखं द्यायचं नाही. वाढली, खरंच. पण आठवून बघा, त्याच गावात, त्याच काळात एखादं घर असं होतं का, जिथं पोराचा "ताप डोक्यात गेला" असं म्हणत सगळे गप्प व्हायचे? ताप डोक्यात जात नसतो, ताई. संसर्गानं येणारा ताप सहसा मेंदूला इजा होण्याइतका वर चढतच नाही. तशी इजा उष्माघातात होते, बंद गाडीत अडकलेल्या मुलाला होते. ज्याचा ताप "डोक्यात गेला" त्याचा आजारच मेंदूचा किंवा मेंदूच्या आवरणाचा होता. ताप त्याची फक्त वर्दी देत होता, आणि घरातले पट्ट्या बदलत बसले होते. तुमच्या तिघांचा आजार तसा नव्हता, म्हणून काढा पुरला. तो आपोआप बरा होणारा ताप होता आणि काढा त्याच्या सोबतीला होता. सोबतीला माझी ना नाही.

आणि गाव बदललंय. पावसाळ्यातली नवी मुंबई म्हणजे काय ते तुम्ही रोज बाल्कनीतून बघताच: गच्चीवरच्या टाक्या, बांधकामांवर साठलेलं पाणी, तळघरातली गळती. शहरात मलेरिया पसरवणारा ॲनोफिलिस डास असल्याच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. डेंग्यूचा एडिस तर त्याहून घरकोंबडा, आणि चावतो दिवसा, म्हणजे नातू तुमच्याजवळ असतो त्याच वेळात. पाऊस तुंबून रस्त्यावर पाणी चढलं आणि पोरं त्यातून चालत आली, की वर लेप्टोची भर. उंदरांच्या मुतातून पाण्यात उतरणारा हा जंतू मुंबई-ठाण्याला २००५च्या महापुरानंतर चांगलाच माहीत झाला. हे तीनही ताप पहिल्या दोन दिवसांत साध्या व्हायरलसारखेच दिसतात. हात लावून कळत नाहीत, तुमच्या अनुभवी हातालाही नाही, माझ्याही नाही.

म्हणून "ताप उतरला की नाही" ही तुमची कसोटीच मला बदलायची आहे. डेंग्यूत धोक्याची वेळ बहुतेकदा ताप उतरतानाच येते, आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान. घरात सगळे हुश्श करतात आणि त्याच चोवीस-अठ्ठेचाळीस तासांत रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरायला लागून रक्तदाब ढासळू शकतो. त्या वेळी थर्मामीटर ९९ दाखवत असतो. सांगतं ते मूल: पोटात कळा, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार, लघवी कमी, विलक्षण चिडचिड किंवा मलूलपणा. ताप गेला आणि मूल खेळायला लागलं तर बरं झालं. ताप गेला आणि मूल आणखी गळून गेलं तर उशी-पांघरूण तसंच टाकून निघायचं.

"केमिकल" आणि "नैसर्गिक" यांत तुम्ही जी रेघ ओढली आहे ती मला कधीच नीट दिसली नाही. मलेरियाचं जुनं औषध क्विनाइन सिंकोना झाडाच्या सालीतून येतं. आजच्या आर्टेमिसिनिन गटातल्या औषधांचं मूळ चीनमधल्या एका वनस्पतीत आहे, आणि त्या शोधासाठी तू यूयू या बाईंना २०१५ साली नोबेल मिळालं. गंमत पुढे आहे. त्या वनस्पतीचा पाला उकळून काढलेला अर्क प्रयोगात धड लागू पडत नव्हता. उकळण्यानंच गुण जात असेल, हे त्यांना एका जुन्या चिनी ग्रंथातल्या ओळीवरून सुचलं. त्या ओळीत पाला पाण्यात भिजवून पिळायला सांगितलं होतं. कमी तापमानात अर्क काढला तेव्हा औषध हाती आलं. म्हणजे औषध झाडातलंच होतं, पण घरच्या पद्धतीचा काढा केला असता तर बरंचसं उकळण्यात वाया गेलं असतं.

आणि आपल्याकडे? चरकसंहितेच्या ज्वरचिकित्सेत नव्या तापात काय टाळावं याची यादी आहे. त्यात दिवसा झोपणं, अंघोळ, राग, व्यायाम यांच्या पंगतीला "कषाय"ही आहे. तुरट काढे असा त्याचा अर्थ घेतात. ताप आल्या आल्या पातेलं चढवायची घाई शास्त्राला नव्हती, ती आपल्या स्वयंपाकघरातली आहे. शास्त्र आधी लंघन सांगतं, मग कोमट पाणी, पेज. एवढं मात्र आजचा बालरोगतज्ज्ञही बहुतांशी मान्य करील. फक्त लहान मुलाला मुद्दाम उपाशी ठेवू नका. मागेल तेव्हा, मागेल तेवढं द्या.

तुमच्या त्या दुपारच्या एकेका उपायाबद्दल आता.

तुळस, आलं, गवती चहा: द्या, पण सौम्य. घसा शेकला जातो, पोटात पाणी जातं, आणि आजीनं काहीतरी केलं हे मुलाला कळतं. गूळ चालेल. मध एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र चाटवायचासुद्धा नाही, त्यातून बॉट्युलिझम नावाची विषबाधा होऊ शकते. मिरी-लवंगांचा जाळ करणारा काढा सहा वर्षांच्या पोटाला कशाला?

गुळवेल नको. कुंपणावरची तर मुळीच नको. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, मुंबईच्या डॉक्टरांना गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला गंभीर इजा झालेली आढळली, आणि पुढच्या वर्षी त्यांनी ते प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला की गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल पोटात गेली असावी. वाद कसाही मिटो, आपल्यापुरता निष्कर्ष दोन्ही बाजूंनी एकच निघतो. ही वेल ओळखायला सोपी नाही, आणि किती घातली हे पातेल्याला माहीत नसतं.

कोलनवॉटर! त्या वासानं माझं अख्खं बालपण समोर आलं. पण त्यात अल्कोहोल असतं. ते लहान मुलाच्या कातडीतून आणि श्वासातून आत जाऊ शकतं, त्यामुळे अंग पुसायला तर कधीच वापरू नका. कपाळावर साधी ओली पट्टी ठेवा, बरं वाटतं म्हणून. मीठ घालायचीही गरज नाही. पट्टीनं कपाळ गार होतं, ताप उतरत नाही. बर्फाचं पाणी नको, त्यानं थंडी वाजून अंग उलट आणखी तापतं.

गोधडी मात्र चुकली. हुडहुडी भरलेली असताना एक पांघरूण ठीक. हुडहुडी थांबून अंग तापलं की गोधडी काढायची, सुती सदरा घालायचा, पंखा हलका चालू ठेवायचा. "घाम काढायला" गुंडाळलं तर उष्णता कोंडते आणि पाणी उगाच जातं.

राहिली पपईच्या पानांची गोष्ट, कारण ती तुमच्या मोबाइलवर आलीच असणार. डेंग्यू त्यानं बरा होतो याला पुरेसा आधार नाही. उलट्या होणाऱ्या मुलाला तो कडू रस पाजून आणखी एक उलटी मात्र नक्की होते.

तुमचं खरं औषध वेगळंच आहे, आणि पत्रात तुम्ही त्याचा उल्लेखही केला नाहीत. पेज. भाताची, नाचणीची, किंचित मीठ घालून. मुगाचं कढण, पातळ ताक, शहाळं, लाह्यांचं पाणी, सातारच्या घरातली ज्वारीची आंबील. दर पंधरा-वीस मिनिटांनी चार चमचे, गोष्ट सांगत सांगत. नोकरीवरून दमून आलेल्या आईबापांना हे जमत नाही, दवाखान्यातल्या नर्सला तर नाहीच. उलट्या-जुलाब असतील तर ओआरएस: पूर्ण पुडी पुडीवर लिहिलंय तेवढ्या पाण्यात, अर्धी पुडी पेल्यात असा अंदाजपंचे कारभार नको. पुडी नसेल तर एक लिटर पाण्याला सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. सहा-आठ तासांत लघवी झाली नाही तर पाणी कमी पडतंय असं समजा.

सिरपबद्दल सुनेशी बोलायचं ते हे. पॅरासिटामॉलचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तास, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. नातू २० किलोचा असेल तर एका वेळी २०० ते ३०० मिलिग्रॅम. आता बाटली बघा. बाजारात ५ मिलीमध्ये १२० वालं सिरप असतं आणि २५० वालंही. चमचा तोच, औषध दुप्पट. म्हणून "एक चमचा दे" असं फोनवर कोणी कोणाला सांगू नये, आणि मापाचं टोपण सोडून घरातला चमचा वापरू नये. सर्दीच्या काही सिरपमध्येही पॅरासिटामॉल असतं, तेही याच हिशोबात धरायचं. शिवाय पावसाळ्यात डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड, ॲस्पिरिन यांतलं काहीही असलेली बाटली मनानं उघडायची नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो. मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिकही नाही. तुमचा हात जिथं धजत नाही त्यातल्या निम्म्या जागी तो न धजणंच बरोबर आहे.

आता खोट्याकडे. सुनेनं बाटली मोजली याचं तुम्हांला फार लागलंय, ते पत्राच्या अक्षरावरून दिसतं. मीही मोजली असती, ताई. कारण पुढचा डोस आधीच्या डोसावरून ठरतो. या वेळी तुम्ही दिलं नाही आणि "दिलं" म्हणालात, नुकसान झालं नाही. उद्या घाबरून तुम्ही दिलंत आणि वाद नको म्हणून "नाही दिलं" म्हणालात, तर ती वर आणखी एक देईल. जादा पॅरासिटामॉल थेट यकृतावर जातं. शिवाय सून डॉक्टरांना सांगणार, "वेळेवर औषध देऊनही ताप चढतोय." त्या एका वाक्यावर डॉक्टर वेगळा विचार करतात. तुमच्या लेखी ती सासू-सुनेतली थाप होती, पण डॉक्टरांपर्यंत ती आजाराची माहिती म्हणून पोचते.

माफी मागा, पण उपायांची नको, फक्त खोट्याची. "मी दिलं नव्हतं आणि दिलं म्हणाले, पुन्हा असं करणार नाही," एवढंच. त्याला "पण मी तीन मुलं" जोडू नका. मुलगा समोर असताना बोला, त्यानं या सगळ्यात मौन धरलंय ते मला पटलेलं नाही. मग फ्रिजवरचा कागद काढून तिथं वही टांगा: वेळ, ताप, काय प्यायला, लघवी, औषध, कोणी दिलं. काढा दिला तर काढाही लिहायचा, त्यात काय काय होतं त्यासकट. ताप काखेत मोजला तर "काखेत" असं लिहा, मनानं एक डिग्री मिळवू नका. आणि नातू ठणठणीत असताना तिघं मिळून त्याच्या डॉक्टरांकडे जा. विचारायचं एवढंच: याच्या वजनाला डोस किती, कोणत्या परिस्थितीत द्यायचा, आणि काय दिसलं तर मी एकटी असताना कोणाची वाट न बघता निघायचं.

सून पाळणाघर बघते आहे ती तुम्हांला शिक्षा म्हणून, असं धरून चालू नका. दिवसाचे अकरा तास सहा वर्षांच्या मुलामागे धावणं ६३व्या वर्षी झेपतंय का, हा प्रश्न ताप नसतानाही विचारण्यासारखा होताच. अर्धा दिवस पाळणाघर निघालं तर मी तुमच्या जागी हरकत घेणार नाही. तापाच्या दिवशी पाळणाघर मूल घेत नाहीच. तेव्हा सगळ्यांना तुम्हीच लागणार.

पुढच्या तापाला काय करायचं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. म्हणजे घरी थांबायचं ते किती. जून ते ऑक्टोबरमध्ये, आपल्या भागात, ताप दोन दिवस टिकला तर तिसऱ्या दिवशी डॉक्टर आणि रक्त, कितीही साधा वाटला तरी. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात मलेरियासाठी रक्त फुकट तपासतात. डेंग्यूची एनएस१ चाचणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी पडते, पण लवकर केलेली निगेटिव्ह आली म्हणून मुलावरची नजर हटवायची नाही. तुंबलेल्या पाण्यातून मूल चालत आलं असेल तर ते डॉक्टरांनी न विचारताही सांगा, त्यांना ते दिसत नसतं. श्वास धापा टाकल्यासारखा, मान आखडलेली, दाबूनही न जाणारे लाल-जांभळे ठिपके, उठवून नीट जागं न होणं, यांपैकी काहीही दिसलं तर दोन दिवसही नाहीत, दोन मिनिटंही नाहीत. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप म्हणजे थेट दवाखाना. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत शंभरात दोन ते पाच जणांना तापात झटका येतो. बघणाऱ्याचा जीव जातो, मुलाचा सहसा नाही. कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा-पाणी काही घालायचं नाही, वेळ बघायची. पाच मिनिटांवर गेला तर १०८.

आणि तुमचा स्वतःचा तो सकाळचा काढा. ज्येष्ठमध रोज घेतलं तर रक्तदाब वाढवतं आणि पोटॅशियम कमी करतं. तुम्ही एका हातानं बीपीची गोळी घेता आणि दुसऱ्या हातानं तिच्यावर पाणी ओतता. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांगा, आणि तोवर बंद ठेवा.

पाण्यावरून आठवलं. बाल्कनीतला मनीप्लँट तुम्ही पाण्याच्या बाटल्यांत लावला असेल तर एडिसला तेवढं पाणी पुष्कळ होतं, अंड्यातून डास उडायला आठवडा-दहा दिवस लागतात. आज बाटल्या ओता, आतून घासा, मनीप्लँट मातीत लावा. तुळशीखालची बशीही उपडी करा.